नवा प्रोजेक्ट कुणाला दिसावा?

आमच्या कंपनीत नवं काम मिळालं की सगळ्यात आधी रेडमाइन या सॉफ्टवेअरवर त्याचा प्रोजेक्ट उघडतात. टेस्टरला सापडलेला बग, क्लायंटने सांगितलेला बदल, रात्री बंद पडलेला सर्व्हर, अशा प्रत्येक गोष्टीचं एक टिकेट होतं. ते कुणाकडे आहे, कुठवर आलंय, कधी बंद झालं, हे त्या प्रोजेक्टमध्ये नोंदलं जातं. प्रोजेक्ट उघडणारा घाईत असतो. नाव टाकायचं, वर्णन लिहायचं, खालचं बटण दाबायचं. त्या फॉर्मवर मध्येच 'पब्लिक' असा एक छोटा चौकोन असतो आणि त्यात टिक आधीच केलेली असते. तिच्याकडे बहुधा कुणाचं लक्ष जात नाही. गेली काही वर्षं त्या टिकेची जबाबदारी माझ्याकडे आहे. नवा प्रोजेक्ट जन्माला येताना कुणाला दिसावा, त्यात कुणी लिहावं, कुणी नुसतं वाचावं, हे ठरवणं म्हणजे माझं काम.

मी भातसानगरला राहते. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे भातसा धरणाच्या वसाहतीतच वाढले आणि नोकरी लागली तरी इथून हलले नाही. शहापूर, मग आसनगाव आणि तिथून लोकलने ठाणे असा प्रवास बरीच वर्षं केला. कोविडनंतर आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम होतं. पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क दगा देतं. कधी फक्त फोनवर बोलता येतं, स्क्रीन उघडत नाही. या अडचणीने मला एक सवय लावली. एखादं काम दुसऱ्याच्या परवानगीवाचून अडणार असेल, तर ती परवानगी आधीच विचार करून ठेवायची. ऐनवेळी विचारायला माणूस सापडेलच असं नसतं.

रेडमाइन 2006 पासून आहे. जाँ-फिलिप लाँग या प्रोग्रॅमरने ते रूबी ऑन रेल्सवर लिहिलं आणि फुकट वापरायला दिलं. छोट्या कंपन्यांना ते परवडतं, म्हणून आमच्याकडेही आलं. त्यात परवानग्या माणसाला मिळत नाहीत, रोलला मिळतात. मॅनेजर, डेव्हलपर, रिपोर्टर हे रोल तयारच येतात. त्यांच्याखेरीज दोन रोल असे आहेत, जे पुसताच येत नाहीत. एक 'नॉन मेंबर', म्हणजे लॉगिन आहे पण त्या प्रोजेक्टचा सभासद नाही असा माणूस. दुसरा 'ॲनॉनिमस', म्हणजे ज्याने लॉगिनच केलेलं नाही असा. प्रोजेक्ट पब्लिक असेल तर या दोघांनाही त्यात वाट मिळते. सुरुवातीला तयार मिळणारे रोल तसेच ठेवले, तर नॉन मेंबरला टिकेटं वाचता येतात, नवं टिकेट टाकता येतं, फायली बघता येतात, रिपॉझिटरी जोडलेली असेल तर सोर्स कोडसुद्धा चाळता येतो. सेटिंग्जच्या पानावर 'प्रोजेक्ट्स' नावाचा टॅब आहे. नवे प्रोजेक्ट आपोआप पब्लिक व्हावेत, असा पर्याय तिथे मुळातच चालू असतो.

यात रेडमाइनचा दोष काढावासा मला वाटत नाही. जगभरचे लोक मिळून ज्यावर काम करतात अशा मुक्त सॉफ्टवेअरसाठी ही रचना योग्यच आहे. तिथे बग सगळ्यांना दिसला पाहिजे, म्हणजे तोच बग दहा जण पुन्हा नोंदवणार नाहीत आणि ज्याला सोडवता येईल तो आपणहून पुढे येईल. आमची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे एकाच रेडमाइनवर वेगवेगळे क्लायंट होते आणि प्रत्येक क्लायंटच्या माणसांना लॉगिन दिलेलं होतं.

ॲडमिनचं काम माझ्याकडे आलं त्याच सुमारास एका पतसंस्थेच्या माणसाचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, नुसती शंका होती. "मॅडम, वर प्रोजेक्ट्सच्या यादीत दुसऱ्या एका पतसंस्थेचं नाव दिसतंय. त्यातही आम्ही काही करायचंय का?" मी त्याच्यासारखंच लॉगिन तयार करून पाहिलं. त्याला दुसऱ्या पतसंस्थेची सगळी टिकेटं दिसत होती. एका टिकेटला कर्जखात्याचा स्क्रीनशॉट जोडला होता. त्यात सभासदाचं नाव, थकलेले हप्ते आणि मोबाइल नंबर, तिन्ही स्वच्छ वाचता येत होतं. बग व्याजाच्या आकडेमोडीत होता. ती चूक दाखवायला स्क्रीनशॉट जोडणाऱ्या टेस्टरने आपलं काम नीटच केलं होतं. फोन करणारा माणूसही सरळ होता, म्हणून त्याने विचारलं. मी आधीची सगळी नोंद तपासली. हे सगळं उघडं ठेवावं, असं कुणी कधीही ठरवलेलं नव्हतं. रेडमाइन बसवलं त्या दिवशीची टिक तशीच राहिली होती, आणि त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला ती न बोलता लागू होत गेली होती.

डिफॉल्टची, म्हणजे आधीपासून निवडून ठेवलेल्या पर्यायाची, ताकद इथे आहे. ज्याने काहीच ठरवलेलं नाही, त्याच्या वतीनेही डिफॉल्ट ठरवून मोकळा होतो. 2003 साली एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात अवयवदानाच्या संमतीविषयी एक लेख लिहिला. जर्मनीत दाता व्हायचं तर तसं कळवावं लागत होतं. तिथे संमतीचं प्रमाण 12 टक्के होतं. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार द्यायचा तर कळवावं लागत होतं. तिथे ते 99.98 टक्के होतं. भाषा तीच, सीमा लागून. माणसं एवढी वेगळी असणार नाहीत, वेगळा होता तो आधीच भरून ठेवलेला पर्याय. तो लेख वाचल्यावर मी 'वापरणाऱ्याने बघून घ्यायला हवं होतं' हे वाक्य बोलणं बंद केलं. वापरणारा बघत नाही, हे गृहीत धरूनच डिफॉल्ट ठरवायला हवा.

मग कसा ठरवायचा? संगणक सुरक्षेत यावर जुनं आणि पक्कं उत्तर आहे. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली माहितीच्या संरक्षणावर एक लेख लिहिला, आजही तो शिकवला जातो. त्यातलं एक तत्त्व असं, की प्रवेशाचा निर्णय परवानगीवरून व्हावा, मनाईवरून नको. कुणाला येऊ द्यायचं नाही याची यादी करत बसू नये, कुणाला येऊ द्यायचं त्याची करावी. यादीत चूक झालीच, तर पहिल्या पद्धतीत परका आत येतो. दुसऱ्या पद्धतीत आपलाच माणूस बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेला लगेच ओरडतो. आत आलेला परका कशाला ओरडेल?

माझ्या सगळ्या कामाचा आधार मला या शेवटच्या मुद्द्यात सापडला. डिफॉल्ट म्हणजे, कुणाला मागावं लागेल आणि कुणाला न मागता मिळेल याची वाटणी. प्रोजेक्ट बंद ठेवला तर आमच्या इंजिनिअरला प्रवेश मागावा लागतो. त्याला आपली अडचण माहीत असते, तो फोन करतो. प्रोजेक्ट उघडा ठेवला, तर 'माझी माहिती झाका' असं मागायची वेळ त्या कर्जदार सभासदावर येते. त्याला तर आपला स्क्रीनशॉट कुठे पडलाय, रेडमाइन नावाचं काही असतं, याचीही कल्पना नसते. ज्याला आपलं नुकसान दिसतच नाही, त्याच्यावर मागण्याचं ओझं टाकणं अन्यायाचं आहे.

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बग 'बगझिला'त नोंदले जातात. ही प्रणाली अनेक संस्था वापरतात. काही ठिकाणी तिची रचना अशी होती, की ई-मेल पत्त्याचा शेवट संस्थेच्या नावाचा असेल तर खातं उघडताच संस्थेच्या आतल्या गटाचे अधिकार आपोआप मिळत. 2014 साली चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की आपला नसलेला पत्ता देऊनही तसं खातं उघडता येतं. ती चूक लगेच दुरुस्त झाली. पण न मागता मिळणारा अधिकार किती सहज चुकीच्या हाती जातो, हे तेव्हा कळलं. पुढच्याच वर्षी मोझिलाने जाहीर केलं, की अधिकार असलेल्या एका सदस्याचा पासवर्ड दुसऱ्या संकेतस्थळावरून फुटला आणि त्याच्या खात्यातून बाहेरच्या माणसाने 185 गुप्त बग वाचले. त्यातले 53 गंभीर होते. 2019 मध्ये अविनाश जैन या भारतीय संशोधकाने नासाच्या 'जिरा' या टिकेट-प्रणालीतली गोष्ट मांडली. फिल्टर आणि डॅशबोर्ड कुणाला दाखवायचे, तिथे 'एव्हरीवन' हा पर्याय होता. निवडणाऱ्यांच्या मनात संस्थेतले सगळे होते, सॉफ्टवेअरने मात्र त्याचा अर्थ सगळं जग असा घेतला. कर्मचाऱ्यांची नावं, ई-मेल पत्ते आणि कामाची माहिती लॉगिनशिवाय दिसत होती.

आम्ही 'पब्लिक'ची टिक काढली. जुने प्रोजेक्ट एकेक करून बंद केले. लॉगिनशिवाय काहीच दिसणार नाही, हे सेटिंगही चालू केलं. मला वाटत होतं तेवढं सोपं ते निघालं नाही.

बंद दाराची आपली अशी एक किंमत असते. टिकेट दिसत नाही म्हणून लोक स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला लागले. जी माहिती रेडमाइनमध्ये निदान लॉगिनच्या आड होती, ती आता कुणाच्याही फोनच्या गॅलरीत जाऊन बसली. एका टीमने एकच लॉगिन सगळ्यांत वाटून घेतलं. मग कुणी काय बदललं, हे नोंदीत बघण्यात अर्थ उरला नाही. रात्रपाळीच्या एका मुलाला सर्व्हरची जुनी दुरुस्ती बघायची होती. त्याला प्रोजेक्ट उघडेना आणि मला फोन लागेना, कारण भातसानगरला त्या रात्री पावसाने टॉवर बंद होता. सकाळी तो चिडून म्हणाला, "ताई, उत्तर समोर लिहिलेलं होतं हो, आणि मी ते रात्रभर परत शोधत बसलो." त्याचा राग रास्त होता. मागण्याचं ओझं त्याच्यावर टाकताना, मागितल्यावर मिळेल याची सोय आम्ही केलेली नव्हती.

या टप्प्यावर मला माहितीच्या अधिकाराची फार मदत झाली. आपल्याकडे 1923 चा शासकीय गुपिते कायदा सरकारी कागद बंद ठेवण्याच्या बाजूने होता. कागद नागरिकाला द्यायचा नाही, हाच खाक्या. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 साली राज्याचा माहिती अधिकार कायदा आला आणि 2005 साली देशाचा. त्याने बाजू उलटवली. माहिती द्यायचीच, आणि द्यायची नसेल तर कलम 8 मधलं कोणतं कारण लागू होतं ते अधिकाऱ्याने दाखवायचं. नागरिकाने का हवी ते सांगण्याची गरज नाही. कलम 4 तर त्याच्याही पुढे जातं. अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, इतकी माहिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावी, असं ते म्हणतं.

वरवर पाहिलं तर हे साल्टझर-श्रोडरच्या उलट आहे. मला मात्र दोन्हीकडे एकच न्याय दिसतो. सरकारी कार्यालयात कोणती फाइल कुठे आहे, हे नागरिकाला माहीत नसतं. जे आहे हेच ठाऊक नाही, ते तो मागणार कसं? म्हणून तिथे मूळ स्थिती उघडी हवी. पतसंस्थेच्या सभासदाला आपला स्क्रीनशॉट कुठे आहे हे माहीत नसतं, म्हणून तिथे मूळ स्थिती बंद हवी. ज्याला ठाऊक नाही त्याच्या बाजूने डिफॉल्ट असावा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने मागावं. त्या कायद्याने मागणाऱ्यासाठी 30 दिवसांची मुदतही घालून दिली आहे. मुदत नसलेली मागणी म्हणजे फक्त आर्जव, हेही मी तिथूनच शिकले.

त्यानंतर आम्ही एकच डिफॉल्ट सगळ्यांना लावायचं सोडलं. प्रोजेक्टचे तीन प्रकार केले. क्लायंटचं काम पूर्ण बंद. त्यात त्या कामाची टीम आणि त्याच क्लायंटची माणसं, बाकी कुणी नाही. क्लायंटच्या रोलला खासगी टिकेटं आणि खासगी नोंदी दिसत नाहीत. आमची स्वतःची साधनं, सर्व्हरची देखभाल, दुरुस्त्यांचे अनुभव हे सगळं कंपनीतल्या प्रत्येकाला वाचायला खुलं. रात्रपाळीच्या मुलाचं उत्तर याच गटातलं होतं, ते बंद करण्यात कुणाचंच भलं नव्हतं. तिसरा प्रकार मनुष्यबळ आणि हिशेबाचा. तिथे सभासदांनाही फक्त आपण टाकलेलं किंवा आपल्याकडे दिलेलं टिकेट दिसतं.

प्रत्येक प्रकाराचा एक नमुना प्रोजेक्ट करून ठेवला. नवं काम आलं की नमुन्याची कॉपी काढायची. हा नमुना मी मुद्दाम रिकामा ठेवते, त्यात एकही माणूस नसतो. कारण रेडमाइन प्रोजेक्टची कॉपी काढताना सभासदांचीही कॉपी काढून देतं. पूर्वी लोक सोय म्हणून मागच्या क्लायंटचा प्रोजेक्ट कॉपी करत. आवृत्त्या, वर्गवारी सगळं आयतं मिळे आणि त्याबरोबर मागच्या क्लायंटचा टेस्टरही नव्या कामात येऊन बसे. उपप्रोजेक्ट उघडताना वरच्या प्रोजेक्टचे सभासद आपोआप खाली घेण्याचा पर्याय असतो. तोही क्लायंटच्या कामात बंद ठेवला. ज्याला ॲडमिनचे अधिकार नाहीत अशा कुणी प्रोजेक्ट उघडला, तर त्याला त्यात कोणता रोल मिळावा, हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं. मॅनेजर हा रोल आम्ही तिथे ठेवला, म्हणजे सभासद जोडण्यासाठी त्याला माझी वाट पाहावी लागत नाही. रोल माणसाच्या नावाने न देता गटाला दिले. माणूस टीम बदलतो तेव्हा गटातून एकदा काढला की सगळीकडून निघतो.

आणि मागणीची वाट बांधली. प्रवेश हवा असेल तर एक टिकेट टाकायचं. त्यात कशासाठी आणि किती दिवस, एवढंच लिहायचं. उत्तर त्याच दिवशी द्यायचं, नकार दिला तर कारण लिहायचं. प्रत्येक पाळीत परवानगी देऊ शकेल असा एक माणूस नेमला, म्हणजे भातसानगरचा टॉवर गेला म्हणून कुणाची रात्र वाया जाऊ नये. ही सोय झाल्यावर व्हॉट्सॲपवरचे स्क्रीनशॉट कमी होत गेले. त्यासाठी कुणाला दम द्यावा लागला नाही.

2023 साली आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला. लोकांच्या माहितीची वाजवी सुरक्षा ठेवली नाही, तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तेव्हापासून बैठकीत या विषयाला वेळ मिळतो. मिळू दे. पण दंडाच्या आकड्यापेक्षा मला ते कर्जखातं महत्त्वाचं वाटतं. हप्ते थकलेत हे गावात कळू नये म्हणून माणूस काय काय करतो, हे मी इथे जवळून पाहिलंय.

भातसानगरला राहून हे काम करताना मनात धरण येतंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर धरला जातो. त्यातला 7,17,037 दशलक्ष लिटर एकट्या भातसाचा, म्हणजे जवळपास निम्मा. तानसाही याच शहापूर तालुक्यात. तरीही एप्रिल-मे आला की तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर लागतात. पाडे उंचावर आहेत, वस्ती विखुरलेली आहे, ही कारणं खरीच. पण एक गोष्ट मला लहानपणापासून टोचते. ज्यांची गरज आराखड्यात पहिल्यापासून लिहिली गेली, त्या शहराला पाणी दररोज न मागता जातं. ज्यांची लिहिली गेली नाही, त्या पाड्याने दर उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा ठराव करायचा, प्रस्ताव पंचायत समितीकडे न्यायचा, तहसील कार्यालयात चौकशी करायची. तिथल्या बायकांना आपली अडचण पक्की माहीत आहे आणि त्या मागतातही. मागूनही वेळेवर मिळत नाही, एवढंच. रेडमाइनच्या चौकोनाशी या गोष्टीची बरोबरी होत नाही, याची मला जाणीव आहे. पण न मागता कुणाला आणि मागून कुणाला, हा प्रश्न मी पहिल्यांदा इथेच शिकले. म्हणून तो चौकोन मला किरकोळ वाटत नाही.

आता मी नव्या मुलामुलींना हे काम शिकवते. त्यांना सेटिंग्जचं पान तासाभरात समजतं. अवघड जातं ते पुढचं. कोणताही डिफॉल्ट ठरवण्याआधी, या बैठकीत कोण नाही याची यादी करायला मी त्यांना सांगते. ज्याची माहिती टिकेटमध्ये येणार तो सभासद, पुढच्या वर्षी रुजू होणारा डेव्हलपर, रात्रपाळीचा माणूस. त्यांतल्या कुणाला आपलं नुकसान झालेलं कळणारसुद्धा नाही, ते शोधायचं आणि डिफॉल्ट त्याच्या बाजूने ठेवायचा. बाकीच्यांना मागावं लागेल, तर मागण्याची वाट छोटी करायची आणि उत्तराची मुदत लिहून द्यायची. निर्णय, तारीख आणि कारण विकीवर स्वतःच्या नावाने नोंदवायचं, म्हणजे पुढच्या ॲडमिनला ते बदलायचं असेल तर कुणाशी बोलायचं आणि कशाचा विचार झाला होता हे समजेल. कुणीच न ठरवलेली टिक आमच्या रेडमाइनवर यापुढे राहू नये, एवढा माझा आग्रह आहे.